चाळीस कुप्या आणि एक मूठ

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. बावीस वर्षं काम एकच: एका शेतातली दहा ठिकाणची माती आली की ट्रेमध्ये कालवायची, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. शेवटी उरलेली मूठ म्हणजे अख्खं शेत.

त्या सकाळी नुसते हातच चालत होते. परगावी नोकरीला गेलेल्या लेकीचा दोन दिवस फोन नव्हता. जीव थाऱ्यावर नव्हता. टेबलावरच्या चाळीस छोट्या कुप्या मावशीने ट्रेमध्ये ओतल्या, कालवल्या, आणि चार भाग पाडताना तिच्या लक्षात आलं, या कालवायच्या नव्हत्या.

कुप्या संशोधनाला आलेल्या नव्या मॅडमच्या होत्या. नऊ दिवस वाफ्यात पालथं पडून त्यांनी एकाच मुळाभोवतीची माती दोन-दोन मिलिमीटरवरून सुईने उचलली होती. "मुळाला चिकटलेल्या कणावर जिवाणूंची एक वस्ती, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर निराळीच," त्या म्हणाल्या होत्या.

"आमच्या जिन्यासारखंच की. दाराला दार, पण कोणी कोणाचं तोंड बघत नाही," मावशी हसली होती.

आता खोलीत कोणी नव्हतं. तिने माती परत कुप्यांत भरायला घेतली. डोळ्यांना काय, माती ती मातीच. सात भरल्या. आठवीला हात अडला. तपासणीचं यंत्र चाळीसही कुप्यांत एकच वस्ती दाखवणार. मग मॅडम, लेकीच्याच वयाची पोर, स्वतःलाच चुकीची ठरवून गप्प बसणार.

मॅडम आल्या तेव्हा मावशी स्टुलावर बसून होती.

"मॅडम, मी सगळी कालवली. सात परत भरल्या होत्या, तुम्हाला फसवायला. त्याही फेका."

मॅडमनी ट्रेमधली चिमूटभर माती उचलून पुन्हा खाली सोडली. "नऊ दिवस, मावशी."

"ओरडा तरी."

"त्राण नाही ओरडायला."

"वाफ्यात दुसरं रोप असेल ना?"

"आहे. पण तुम्ही नको. तुमचे हात कालवायलाच धावतात."

मावशीला लागलं, पण त्यात खोटं काय होतं? "मातीला हात लावत नाही. छत्री धरते. उन्हात नऊ दिवस पडून राहता, घरी आईच्या जिवाला काय होत असेल?"

मॅडमनी डोळे पुसले. "मोठी आणा. मागच्या वेळी पाठ भाजली माझी."