सत्यभामावहिनींच्या माशांचं पाणी

कचरूभाऊंना मासे फक्त तळलेले ठाऊक होते. पण सत्यभामावहिनी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा पलंगासमोर काहीतरी हलतं-डुलतं असावं म्हणून त्यांनी काचेची टाकी आणली आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढे, निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन मासे सोडले. पहिले मासे आठवड्यात मेले. दुकानदार म्हणाला, बजाजनगरचं पाणी जड, त्यात क्षार फार. या माशांना हलकं पाणी लागतं.

तिथून भाऊंना खूळ लागलं. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम हवंच होतं. फिल्टरच्या पाण्याचे जार आणायचे, त्यात थोडं नळाचं मिसळायचं, देशी बदामाची वाळलेली पानं घालून निळ्या पिंपात मुरवायचं. पाणी चहासारखं तांबूस व्हायचं. इथं नळाची वाट बघून माणसांचे डोळे दुखतात आणि हा गृहस्थ माशांना विकतचं पाणी पाजतो, याचा मला शेजारी म्हणून संताप यायचा. मी तसं बोललोही. भाऊ म्हणाले, तिला बघायला आवडतं, बस्स.

खरंच आवडायचं. शेवटी शेवटी वहिनींचं बोलणं तुटक झालं, पण नजर टाकीवरून हटत नसे. एकदा भाऊंचा हात धरून म्हणाल्या, "मी नसले तरी ह्यान्ला जगवा." भाऊंनी शब्द दिला.

वहिनी गेल्या. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा घर धुऊन काढलेलं होतं. प्रेत उचललं की घरातलं साठवलेलं पाणी ओतून द्यायची त्यांच्याकडं रीत. वहिनींच्या, कन्नडहून आलेल्या धाकट्या बहिणीनं, पारूबाईनं, ती मन लावून पाळली होती. हंडे, माठ, निळं पिंपसुद्धा. नेमका त्याच दिवशी नळ आला. टाकीतलं तांबूस पाणी तिला शिळं वाटलं, म्हणून मासे भांड्यात काढून तिनं टाकी घासली आणि नळाचं पाणी भरलं. रडून डोळे सुजलेले, तरी ती भाऊंना म्हणाली, "दाजी, अक्काचे मासे निवळ पाण्यात ठिवले बगा."

काच लखलखत होती. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, त्यांचा रंग उडाला होता. मुरवलेलं पाणी घोटभरही उरलं नव्हतं. मी जार आणायला निघालो, तर भाऊंनी मानेनंच नको म्हटलं. पाणी पुन्हा बदलणं माशांना सोसलं नसतं. माझ्या तर जिभेवर शिवी आली होती. भाऊ पारूबाईकडं बघत राहिले.

"लई चांगलं केलंस, पारू," ते म्हणाले.

सकाळपर्यंत सगळे मासे मेले. ती उठायच्या आत भाऊंनी ते जाळीनं काढून कुंडीत पुरले. रिकामी टाकी पाहून तिनं विचारलं, तेव्हा वाळूजच्या एका मित्राला दिले असं सांगितलं.

"नीट संभाळील ना तो? अक्काचा जीव व्हता त्यांच्यात."

"व्हय," म्हणून भाऊ मोरीत गेले आणि दार लावून ढसाढसा रडले. वहिनींना अग्नी देतानाही ते असे रडले नव्हते.