रफिकनं काहीच गाळलं नाही

बोंडअळीच्या वर्षी शेतकऱ्यांच्या तक्रारी माझ्यामुळे गायब झाल्या. चोरी नाही, व्हायरस नाही. मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, गाळणी लावली होती. मागच्या महिन्यात सोनाळ्याहून फोन आला, "रफिकभाई गेले", तेव्हा आधी तीच गाळणी आठवली... आणि मग, लाज वाटते सांगायला, त्याच्या जनाज्याला केवढी गर्दी होईल याचा हेवा वाटला.

आम्ही दोघं खामगावच्या एकाच क्लासात कंप्युटर शिकलो आणि एकाच शेतकरी संस्थेत लागलो. मुख्य मशीन वरवट बकालच्या ऑफिसात. तिच्यावर नोंद झाली की नक्कल आपोआप दोन मशिनींवर उतरायची: ऑफिसच्या मागच्या खोलीतली माझी आणि सोनाळ्याला रफिकच्या घरी ठेवलेली त्याची. रफिक अत्तर लावून यायचा, मोठ्यानं हसायचा, आणि लोक मला ओलांडून त्यालाच विचारायचे. म्हणून माझी मशीन त्याच्या मशीनपेक्षा जोरात पळवायची, असं मी ठरवलं. फक्त 'कापूस' या डेटाबेसची नक्कल घ्यायची, बाकी सगळं गाळायचं.

"गाळणी काऊन लावून राह्यला बे? समदं येऊ दे ना."

"तुझी मशीन रांगते, म्हणून जळतो का?" मी म्हणालो. जळत कोण होतं, ते त्याला ठाऊक होतं.

गंमत अशी, की ही गाळणी नोंद कुठं पडते ते बघत नाही. लिहिणारा कोणत्या डेटाबेसमध्ये बसून लिहितो, ते बघते. आमचा तक्रारींचा प्रोग्राम 'सभासद' या दुसऱ्याच डेटाबेसमध्ये बसून 'कापूस'मध्ये लिहायचा. गाळणीनं बसायची जागा पाहिली आणि एकेक तक्रार गुपचूप टाकून दिली. ना चूक दाखवली, ना कुरकुर केली. मी आपला खूश, मशीन कशी पळते बघा!

मग विजेच्या झटक्यानं मुख्य मशीनची डिस्क जळाली. पंचनाम्याचं पथक यायचं होतं. बीटीच्या बोंडात अळी निघालेली माणसं ओट्यावर बसलेली. नोंद नाही तर भरपाई नाही. मी ऐटीत माझी मशीन उघडली. पेऱ्याची माहिती 'कापूस'मध्येच बसून भरलेली, ती होती. तक्रारींच्या जागी... कोरं.

रफिक मोटारसायकलवर आपली मशीन गोधडीत बांधून घेऊन आला. ती सुरू होईपर्यंत मी मनात काय म्हणत होतो? याचीही कोरी निघो. बाहेर एवढी माणसं जीव मुठीत धरून बसलेली असताना! तक्रारी एकूण एक निघाल्या. रफिक काही विनम्र वगैरे नव्हता. "बोललो होतो ना बे तुले?" हे त्यानं ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं. चहाही आधी त्यालाच मिळाला.

परवा रफिकच्या बायकोला, शबाना भाभींना, भेटायला सोनाळ्याला गेलो. त्याच्या खोलीत ती मशीन घुमतच होती, वर त्याच गोधडीची घडी. संस्थेची नक्कल अजून उतरतेय, सगळीच्या सगळी. मी तिची वायर हातात धरून म्हटलं, "भाभी, जुनी झाली ही. घेऊन जातो, नीट करून आणतो." खरं तर मला ती माझ्या खोलीत हवी होती.

भाभींनी माझ्या हातातली वायर काढून घेतली.

"चालू हाय ना ते? मंग तुमी हात नोका लावू तिले, भाऊजी."