सुरळीतून ऐकलेले ठोके

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी मी कागदाची सुरळी पत्नीच्या छातीला लावली आणि तिचं हृदय ठोके चुकवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ती मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघणार होती. तिकीट रद्द करावं, असं मी सुचवलं.

सुरळी व्याख्यानासाठी होती. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मी शनिवार पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात वैद्यकाच्या इतिहासावर बोलतो. त्या आठवड्याचा विषय स्टेथोस्कोप. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका डॉक्टरला तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्याने कागद गुंडाळला आणि त्यातून ऐकलं. मला प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. सराव घरी चालू होता.

बातमीला दुसऱ्याचा दुजोरा लागतो, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. त्यांनी ऐकलं.

"घड्याळासारखं चाललंय की."

मी पुन्हा ऐकलं. ठोका चुकला. काकूंना अनुभव नाही, असा निष्कर्ष मी काढला. माझा अनुभव तेव्हा पाऊण तासाचा होता.

"अहो, तिकडे पोरगी दिवस मोजतेय," पत्नी म्हणाली. "तुमचं व्याख्यान माझ्यावर नको."

शेवटी डॉक्टरांनी ठरवावं, यावर तडजोड झाली. सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरीणबाई रविवारी दुपारपर्यंत दवाखान्यात असतात. त्यांनी पत्नीला तपासलं, ईसीजी काढला. दोन्हींत काही आढळलं नाही. माझं समाधान झालं नाही.

"कागद आणलाय ना, काका? मग दाखवा कसं ऐकलंत."

मी सुरळी लावली. त्यांनी एका हाताने पत्नीची नाडी धरली, दुसऱ्या हाताने माझी.

"चुकला," मी म्हणालो.

"चुकला, बरोबर. पण यांचा नाही, तुमचा. कान इतका दाबलात की स्वतःचीच नाडी ऐकताय."

"म्हणजे मी निघू ना उद्या?" पत्नीने विचारलं.

"तुम्ही खुशाल जा. यांना मात्र उद्या सकाळी पाठवा."

सोमवारी सकाळी काढलेल्या माझ्या ईसीजीत अधूनमधून चुकणारे ठोके दिसले. घाबरण्यासारखं काही वाटत नाही, पण दिवसभराची नोंद हवी, असं त्यांनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी पत्नी ठरलेल्या गाडीने नागपूरला गेली. छातीवर नोंदीचं मशीन बांधून मी तिला स्टेशनवर सोडलं.