उलटं घमेलं

वालूरजवळ कापसाच्या जिनिंगच्या शेडचं काम रखडलं होतं आणि साइट इंजिनिअर म्हणून शिव्या मी खात होतो. त्या सकाळी पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतणार, तोच एक मजूर बाई खड्ड्याच्या काठावर घमेलं उलटं टाकून त्यावरच बसली.

“साहेब, वायरवाल्याचा पाइप टाकायचा ऱ्हायलाय. मागचा पाया ओतला अन् पाइप टाकायला आमीच फोडला.”

मी मिक्सर थांबवला. “मावशी, हे तुम्हाला कसं सुचलं?”

पदरानं कपाळावरचं सिमेंट पुसत ती म्हणाली, “ऊस तोडायला जातो आमी. कारखान्याची गाडी कुठवर आली ते इचारल्याबिगर कोयता लावत न्हाई. न्हाईतर तोडलेला ऊस फडातच वाळतो.”

माझ्या लॅपटॉपमधल्या रंगीत वेळापत्रकात हे कुठंच नव्हतं. मी खिशातला फोन काढला.

आठ महिन्यांत वायरवाल्याला मी केलेला तो पहिलाच फोन.