सहस्रकुंडावरची माफी

भूकंप आल्यावर काय करावं, हे मी निलंगा तालुक्यात गावोगावी जाऊन शिकवलं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर दर रविवारी माझं तेच काम असे. (भूगोलाचा मास्तर असल्यामुळे जमीन हलली की लोक माझ्याकडेच बघत.) "घाबरायचं नाही, ढकलाढकली करायची नाही, आधी घरच्यांचा हात धरायचा," असं मी सांगायचो.

पुढं आमची मंजू बारावीला लातूरच्या क्लासमध्ये अडकली. पोरगी पुस्तकातून मान वर काढेना. शेवटी तिच्या सरांच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी काढली आणि तिला नि बायकोला घेऊन नांदेडला संगीत व तंत्रज्ञान महोत्सवाला गेलो. दुसऱ्या दिवशी सहस्रकुंडचा धबधबा बघायचा, असा बेत.

मांडव एकच. पुढं तबलावादन, मागं कॉलेजच्या पोरापोरींनी केलेली यंत्रं. आमच्या पाठीमागंच एक पेटी होती, वर पाटी: 'भूकंपसूचक'.

"बघ मंजू, कामाचं काहीतरी केलंय," मी म्हणालो.

तबलजी रंगात आले. कर्ण्यांमधून असा धडाका सुटला की पायाखालची जमीन थरथरली आणि ती पेटी कोकलायला लागली.

मी शेजारचा हात धरला आणि सुटलो. तीन खुर्च्या पाडल्या, एका गृहस्थांच्या पायावर पाय दिला आणि मांडवाचा पडदा उचलून थेट मैदान गाठलं. "घाबरू नको, मी आहे," म्हणत मागं वळलो, तर हातात देगलूरकडची एक सत्तरीची आजी.

"तू हाईस ते दिसायलंय," आजी दम खात म्हणाली. "पण कोण हाईस?"

आत तबला चालूच होता. माझ्याशिवाय कुणीही उठलं नव्हतं. (बायको नि मंजू उजवीकडं बसल्या होत्या. मी डावीकडचा हात धरला होता.)

थोड्या वेळानं बायको शांतपणे बाहेर आली. आजींना बसवलं, पाणी दिलं, मग मला विचारलं, "अन् खरंच हललं असतं तर?"

मी आत जाऊन पाडलेल्या तीन खुर्च्या सरळ केल्या.

दुसऱ्या दिवशी सहस्रकुंडला जाताना इस्लापूरपर्यंत बायको एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसली. धबधब्यापाशी मी धीर केला.

"चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं माझं, म्हणलं."

"पाण्यामुळं काही ऐकूच येऊन नाही राहिलं."

शेवटी सगळा जीव एकवटून ओरडलो, "मी तुला सोडून पळालो, चुकलं माझं!"

शेजारी मुलींच्या शाळेची सहल आली होती. सगळी सहल वळून बघू लागली. त्यांच्या बाईंनी मुलींना माझ्यापासून जरा लांब नेलं. बायकोनं मान डोलावली, पदर सावरला आणि वर चालू लागली.

मंजू माझ्याजवळ आली. "पप्पा, आईला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं."

ती अगदी हळू बोलली, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.