गादीवाल्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, जेवायच्या त्यासुद्धा उभ्याने. ताट ओट्यावर, घास तोंडात आणि नजर खिडकीबाहेर. बसा म्हटलं की "बसते गं" म्हणायच्या आणि फडकं घेऊन कपाट पुसायला लागायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, या माझ्यावर रागावल्यात. नंतर कळलं की राग वगैरे काही नाही, बाईंच्या पायाला भिंगरी आहे. आणि गंमत म्हणजे जन्मभर धंदा केला तो दुसऱ्यांच्या बसायच्या सोयीचा! खुर्च्या, कोच, गाद्या भरायच्या आणि त्यांच्यावर कापड चढवायचं, हे त्यांचं काम. तेही घराघरातलं नव्हे, आगबोटीवरचं.

आमचं बंदर उथळ. परदेशी उतारू नेणारी मोठी बोट धक्क्याला लागूच शकत नाही. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहते आणि माणसांची ने-आण एक लहान बोट करते. कागदोपत्री तिला टेंडर म्हणतात. गावात तिला कोणी तसं म्हणत नाही. ती मोठी आणि ही छोटी, संपलं. दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र मोठीला रिकामी करून, भरतीच्या पाण्यावर आत ओढून आणत आणि सुक्या गोदीत उभी करत. मग सुतार, रंगारी, नळवाले, वायरमन, गादीवाले, सगळे मुंग्यांसारखे तिच्यावर चढत. जुनं उखडायचं, नवं बसवायचं, आणि बोट पुन्हा नव्या नवरीसारखी करून पाण्यात सोडायची.

वन्सं या कामाला लागल्या तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. सासरे आधीच गेले होते, सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या, आणि हे इतके लहान होते की चपलांचे पट्टे त्यांना अजून बांधता येत नव्हते. गोदीतल्या एका म्हाताऱ्या गादीवाल्याने वन्संना हाताशी घेतलं. त्याच्याकडून त्या वाकडी सुई चालवायला शिकल्या, स्प्रिंगा सुतळीने बांधायला शिकल्या, तोंडात बारीक खिळे धरून बोलायलाही शिकल्या. त्या पैशांत ह्यांचं शिक्षण झालं. हे पुढे छापखान्यात जुळारी म्हणून लागले, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला. दोघं भावंडं खिळ्यांवर जगतात, असं मी म्हणायचे.

लग्नाची स्थळं आली नाहीत असं नाही. एक तर ठरतच आलं होतं, पण मुलगा बाहेरगावचा होता आणि नेमक्या त्याच दिवसांत ह्यांना ताप भरला. बोलणी बारगळली. मग वन्संनी एक पालुपद धरलं: "याचं लग्न होऊ दे, की मी सुटले." लग्न झालं. मी आले. त्या काही सुटल्या नाहीत. मग दर दुरुस्तीला म्हणायच्या, "या खेपेला बोट सुटली की बघ, मीही जाते." मीही चिडवायचे, "वन्सं, बॅग भरायला घेऊ का?" त्या हसायच्या. हे मात्र या चेष्टेत कधी सामील व्हायचे नाहीत. पेपरात तोंड घालून बसायचे.

मला बसायला आवडतं. मी उघड सांगते. तरी वन्संनी मला या कामात ओढलंच, कारण हाताखाली कोणीतरी हवं होतं, आणि घरात मी बसलेली त्यांना बघवत नव्हती. मी कडा शिवायचे, जुनी शिवण उसवायचे. आगबोटीची जुनी खुर्ची उसवली की आत काय काय निघतं म्हणून सांगू! केसांचे आकडे, चष्म्याची काडी, पत्त्यांतली एखादी राणी, एकदा तर एका मुलाचा दुधाचा दात. मी ते केरात टाकायचे. वन्सं मात्र हातातलं काम थांबवून ती वस्तू खिडकीच्या उजेडात धरायच्या. "कुठून निघाली असेल गं ही? पोचली असेल का?" दात पडला तेव्हा तो मुलगा कोणत्या समुद्रावर असेल, यावर त्या अख्खी दुपार बोलत होत्या. वरच्या कापडाखाली आधीच्या दुरुस्तीचं कापड असायचं, त्याच्याखाली त्याच्या आधीचं. तिथे वन्संना आपलेच जुने टाके दिसायचे. "हे बघ, हे माझे. हे सगळं जग फिरून आले," म्हणायच्या. आणि मग त्यांचा हातोडा जरा जास्तच जोरात चालायचा.

त्या वर्षी बोटीला नवे मालक मिळाले होते. त्यांना सगळं फिकट हवं होतं. गडद निळं मखमली कापड काढा, बदामी लावा. मोठे कोच काढा, सुटसुटीत खुर्च्या ठेवा. कापड उशिरा आलं, काम रेंगाळलं, आणि बोट गोदीतून निघून खोल पाण्यात जाऊन उभी राहिली तरी मोठ्या बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या अर्ध्याच झाल्या होत्या. आम्ही छोटीतून रोज जाऊन काम करत होतो. शेवटच्या दिवशी तर उतारू यायला लागले होते आणि आम्ही खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून खिळे ठोकत होतो. उतारूंना आम्ही दिसता कामा नये, असा हुकूम होता. ठकठक ऐकू आली तर चालेल, माणूस दिसायला नको.

दुपारी पडद्यातून बोटीचा मोठा कारभारी आत आला. उतारूंच्या खोल्या, चादरी, पडदे, सगळं त्याच्या ताब्यात. माणूस घाईत होता, घामाने भिजला होता.

"बाई, आमच्या शिवणाच्या बाई आल्या नाहीत. पाय मोडलाय म्हणे. मला माणूस हवा. तुम्ही येता का?"

"कुठे?" वन्संनी तोंडातले खिळे काढत विचारलं.

"कुठे म्हणजे? बोटीबरोबर. राहायला खोली आहे, खाणं आहे, पगार आहे. आधी एक फेरी करा, मग हवं तर पुढच्या. पण शेवटची छोटी सुटायच्या आत सांगा. ती गेली की आम्ही नांगर उचलणार."

तो गेला. वन्संनी हातोडा उचलला आणि तो सरळ अंगठ्यावर मारून घेतला. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. अंगठा तोंडात घालून त्या पडद्याच्या फटीतून उतारूंकडे बघत राहिल्या.

"जा की," मी म्हणाले. नेहमीच्या चेष्टेच्या सुरातच म्हणाले, पण शब्द बाहेर पडले आणि मी सुई खाली ठेवली. घरात या नसतील तर? माझ्या आळसावर ओरडणार कोण? ह्यांच्या अबोलपणात मला सोबत कोणाची?

"वेडी आहेस का? घरी तो सैरभैर होईल."

"अहो, घोडा झालाय तो आता. केस पिकलेत त्याचे."

"तुला माहीत नाही तो कसा आहे."

"मला माहीत नाही? मी बायको आहे त्याची!"

वन्संनी पुन्हा तोंडात खिळे धरले. खुर्ची पूर्ण केली, पुढची घेतली, तीही पूर्ण केली. मधेच उठून खिडकीशी जायच्या, परत यायच्या. कात्री सापडत नाही म्हणून मला बोलल्या, आणि कात्री त्यांच्याच हातात होती. मग एकदम म्हणाल्या, "तुला खरंच चालेल का?"

आता काय सांगायचं? चालेल म्हटलं तर ही मला हाकलते असं त्यांना वाटणार. चालणार नाही म्हटलं तर त्या येणार, आणि उरलेला जन्म माझ्या ओट्याशी उभ्याने जेवणार. "मला कशाला विचारता? मी काय तुमची सासू आहे?" असं काहीतरी मी बोलले. माझा मला राग आला, पण दुसरं सुचलं नाही.

शेवटच्या छोटीची शिटी झाली तेव्हा वन्संनी हत्यारांची पिशवी बांधली. कारभाऱ्याला सांगून आल्या, "नाही जमणार. घरी भाऊ आहे." तोही "बरं" म्हणून पळाला. त्याला शंभर कामं होती.

मोठीच्या पोटात, पाण्याच्या जरा वर, एक लोखंडी दरवाजा आहे. तिथूनच छोटीत उतरायचं. छोटी लाटेबरोबर वर येते, क्षणभर दरवाजाला बरोबरीची होते आणि पुन्हा खाली जाते. त्या क्षणातच पाऊल टाकायचं. छोटीच्या कठड्याशी एक दणकट माणूस उभा असतो, त्याला सगळे हातवाला म्हणतात. तो लाट बघतो, हात पुढे करतो आणि "या!" म्हणतो. त्याचा एकच नियम: या म्हटलं की यायचं, विचार करायचा तो छोटीत बसून. जो दारात विचार करत बसतो तोच पाण्यात पडतो.

त्या दिवशी वारा वाढला होता. छोटी चांगलीच वरखाली होत होती. सुतार उतरले, रंगारी उतरले. मी डोळे मिटून उतरले, हातवाल्याने मला पोत्यासारखं आत ओढलं. मागे राहिल्या फक्त वन्सं.

छोटी वर आली. "या!" हातवाला म्हणाला.

वन्सं हलल्या नाहीत. पिशवी हातात, चेहरा माझ्याकडे. छोटी खाली गेली.

पुन्हा वर आली. "या, बाई, या!"

वन्सं तशाच. मी ओरडले, "वन्सं, पाय टाका!" सुतारांनीही ओरडायला सुरुवात केली. सगळ्यांना वाटलं, बाई घाबरल्या. मला मात्र तोंड बघताच कळलं की या घाबरलेल्या नाहीत. एरवी क्षणभर एका जागी न थांबणारी ही बाई त्या दारात पाय रोवून उभी होती. घरातली सगळी वर्षं आणि ती खोल्या-खोल्यांची बोट, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर असावीत. मला रडू यायला लागलं.

तिसऱ्यांदा छोटी वर आली तेव्हा हातवाल्याने हात पुढे केलाच नाही. त्याने वन्संकडे पाहिलं, मग लाटेकडे पाहिलं, आणि आपल्या चालकाला ओरडून म्हणाला, "सोड. त्या येत नाहीत."

मधे पाणी दिसायला लागलं. तेव्हा कुठे वन्संना कंठ फुटला. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून त्या वाऱ्यात ओरडल्या,

"अगं बये! उद्यापासून दूध कमी घे!"

एवढंच. दरवाजा बंद झाला. मी हुंदके देत होते आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं. शेजारचा रंगारी माझ्याकडे बघून सरकून बसला.

धक्क्यावर हे उभे होते, छापखान्यातून परस्पर आलेले, बोटं शाईने काळी. छोटीतून एकेक माणूस उतरत होता आणि ह्यांची नजर प्रत्येकाच्या मागे जात होती. मी सगळ्यात शेवटी उतरले. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. बोटीवर चांगली खोली आहे, पगार आहे, एकच फेरी आहे. यातलं एकही तोंडातून निघेना.

"ताई?" ह्यांनी विचारलं.

"उद्यापासून दूध कमी घ्यायला सांगितलंय त्यांनी," मी म्हणाले.

ह्यांनी समुद्राकडे बघितलं. मोठीने नांगर उचलला होता, ती हळूहळू वळत होती. मला वाटलं, आता हे कोसळणार. मी त्यांचा दंड धरला.

"गेली शेवटी," हे म्हणाले. आणि बोटीवरून नजर न काढता, "आई गेली त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठून आधी दाराशी जातो. ताईच्या चपला आहेत की नाहीत ते बघायला."

"अजून?"

"आज सकाळीसुद्धा."

मी दंड सोडून दिला. इतकी वर्षं मी याच माणसाशेजारी झोपत होते. हा रोज भल्या पहाटे उठून दाराशी जायचा, तेव्हा मला वाटायचं, बायकोची झोप मोडू नये म्हणून बिचारा दूध घ्यायला जातो. शेजारणींत मी त्याची बढाई मारायचे.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"एकदा पकडलं होतं तिने मला, लहान असताना. तेव्हापासून चपला अगदी दारासमोर, मला लगेच दिसतील अशा ठेवायची."

घरी आलो. जेवण कसंबसं झालं. मला झोप लागेना. नुसती कूस बदलत होते, बोट कुठवर गेली असेल याचा विचार करत होते, आणि पहाटे हे उठून दाराशी जातील, तिथे काहीच नसेल, तेव्हा मी काय बोलायचं, हे जुळवत होते.

उजाडलं. दूधवाल्याने कडी वाजवली. एकदा, दोनदा, मग जोरात. मी वळून बघितलं. हे उठले नव्हते. तोंड उघडं, एक हात गादीबाहेर, लहान मुलासारखे गाढ झोपले होते.

मीच उठले, पातेलं घेऊन दाराशी गेले आणि दूधवाल्याला हळू बोलायला सांगितलं.