बैल शिकवणाऱ्याचं मांजर

घोडेगाव आणि सोनईच्या मधल्या पट्ट्यात कुणाचा गोऱ्हा जू पाहून मागं सरायला लागला, की त्याला आसारामच्या दावणीला आणून बांधायचं, अशी कित्येक वर्षांची रीत होती. मारका असो, बसका असो, नाहीतर नुसताच आळशी. आसाराम त्याला महिना-दीड महिन्यात गाडीला चालता करून परत द्यायचा. मारत नसे, उपाशी ठेवत नसे. आधी हातचं खायला घाली, मग पाठीवर हात, मग दोरी, मग ओढायला लाकडाचा ओंडका, आणि शेवटी मुरलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपणं. "जनावर चुकत न्हाई, धनी चुकतो," असं तो म्हणायचा. हे बोलणं बाजारात एवढं ठाऊक झालं होतं, की कुणाचा बैल वाटेत बसला तर लोक बैलाकडे न बघता मालकाकडे बघून हसायचे.

मग ट्रॅक्टर आले. पंच्याण्णव-शहाण्णवपर्यंत गोऱ्हे शिकायला यायचे बंद झाले. आसारामनं स्वतःची जोडीही विकली आणि तिच्या जागी सुनेच्या जर्सी गायी उभ्या राहिल्या. जर्सीला काय शिकवायचं? ती उभी राहते, खाते आणि दूध देते. तिला शिकवण्यासारखं काही नव्हतं, आणि शुभांगीला शिकवण्यासारखं तर त्याहून नव्हतं. पहाटे उठून ती दोन्ही गायींची धार काढायची, कॅन सायकलला अडकवून डेअरीवर जायची, परत येऊन शेण, स्वयंपाक, सासूचं अंथरूण. मुलगा राम साखर कारखान्यात पाळीवर. घर त्या दुधावर चाललं होतं, आणि आसाराम पारावर बसून होता.

माघात त्याच्या बायकोची, मालनबाईची, उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं तुटलं. जन्मभर एका जागी न बसलेली बाई आतल्या खोलीत खाटेवर पडून राहिली आणि डाव्या हातानं जेवायला शिकली, पण कुणी बघत असलं की घास खाली ठेवायची. त्याच सुमारास कुठूनसं एक मांजर घरात शिरलं. पांढरं, अंगावर काळे पट्टे. बांड्या बैलासारखं म्हणून आसारामनं त्याला बांडी नाव दिलं. बांडी मालनबाईच्या मेलेल्या पायावर झोपायची. त्या पायाला तिचं ओझं कळत नव्हतं, पण मालनबाई तासन्‌तास तिकडेच बघत राहायची.

भांडण दुधावरून झालं. कॅनचं झाकण जरा सैल राहिलं की बांडीचं तोंड आत. दोनदा पातेलं सांडलं, ते शुभांगीनं सोसलं. पण आषाढात डेअरीवर मापं घेणाऱ्या महेंद्रनं गाळणी वर धरून साऱ्या बायकांच्या देखत विचारलं, "वहिनी, दूध गायीचं का मांजराचं?" गाळणीत पांढरा केस होता. लंकाबाई, शेजारीण, ती तर संध्याकाळपर्यंत हसत होती.

शुभांगी घरी आली ती रिकामा कॅन आपटतच.

"मामा, आता पुरं झालं. पोत्यात घाला आन्‌ लांब कुठंतरी सोडून या. न्हाईतर मी ह्यांना सांगते."

आतल्या खोलीत मालनबाईनं ते ऐकलं. तिनं डावा हात मांजरावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. आसारामला ती पाठ दिसली. एवढ्या वर्षांत ह्या बाईनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आताही मागितलं नव्हतंच.

"पोत्यात कशाला?" तो म्हणाला. "एवढाले गोऱ्हे शिकवले. हे वीतभर जनावर. पोळ्यापत्तुर ते दुधाकडं बघनार न्हाई. बघितलं, तर मीच सोडून येतो. हा शब्द."

"मांजर शिकतं व्हय कुठं?"

"जनावर चुकत न्हाई, पोरी."

"व्हय, ठाऊक हाय. धनी चुकतो," शुभांगी म्हणाली आणि कॅन विसळायला गेली.

आसारामनं रीतीनं सुरुवात केली. आधी हातचं खाणं. बांडीनं भाकरीचा कुस्करा खाल्ला, हात चाटला, आणि तो उठायच्या आत दुधाच्या पातेल्याजवळ जाऊन बसली. मग दोरी. मऊ सुती दोरीचा गळपट्टा करून त्यानं तिला मेढीला बांधलं. बांडी आडवी पडली. पाय ताठ, डोळे अर्धे मिटलेले, जणू प्राण गेला. आसाराम घाबरून दोरी सैल करायला वाकला, तशी ती गळपट्ट्यातून मान काढून छपरावर.

"बसका बैल असाच करतो," तो वर बघत म्हणाला. बसक्या बैलाची शेपटी पिळतात. दुसऱ्या दिवशी त्यानं बांडीची शेपटी पिळली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे घेऊन तो आत आला, तेव्हा शुभांगीनं हळदीचा डबा पुढं सरकवला.

मग घुंगरू. वाजलं की कळेल, हा विचार. कळलं ते उंदरांना. गोठ्यातले उंदीर हुशार झाले, बांडीला एकही सापडेना, आणि ती उपाशी म्हणून दुधावर दुप्पट यायला लागली.

लंकाबाई कुंपणावरून विचारायची, "आसारामभाऊ, नांगराला कधी जुंपायचं मांजर?"

"जोडी लागंल त्याला," आसाराम म्हणाला. तो थट्टेनं म्हणाला नव्हता.

कारण खरी विद्या तीच होती. नवखा गोऱ्हा माणसाकडून शिकत नाही, जोडीच्या जुन्या बैलाकडून शिकतो. सोनईला एका किराणावाल्याकडे एक म्हातारा बोका होता. तुपाच्या डब्यांमध्ये झोपायचा आणि डब्याला तोंड लावायचा नाही. आसारामनं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. वाण्यानं पिशवीत घालून दिला आणि बजावलं, "न्या. पण दिलेला माल मी परत घेत न्हाई."

घरी आणून आसारामनं बोक्याला बांडीशेजारी बसवलं, समोर दुधाची वाटी ठेवली. बोका डोळे मिटून बसला. बांडी त्याच्याकडे बघत बसली. कुणी हललं नाही. आसारामच्या छातीत जुना आनंद हलला. त्यानं मालनबाईला उचलून, उशांना टेकवून बसवलं, दारातून दाखवलं. "बघ, मालन. जोडीनंच शिकतं."

बोक्यानं दूध बघितलंच नव्हतं कधी, एवढंच ते होतं. वाण्याकडे सीलबंद डबे होते. बांडीनं वाटीत जीभ घातली, बोक्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. त्या दिवसापासून दुधावर दोघं यायला लागले, आणि म्हातारा जास्त तरबेज निघाला. बांडी झाकण सैल मिळायची वाट बघायची, बोका ते पंजानं उचलायचा.

पोळ्याला घरात बैल नव्हता. पाटावर मातीची जोडी मांडून शुभांगीनं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, वर दुधाची धार धरली आणि हळदीकुंकू आणायला वळली. परत आली तेव्हा एक मातीचा बैल आडवा पडला होता, पोळी ओली होती, आणि दारातून दोन शेपट्या बाहेर जात होत्या. आसाराम जवळच बसला होता. राखणीलाच बसला होता. त्याचा डोळा लागला होता.

 शुभांगीनं बैल उभा केला, पोळी काढून घेतली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोका काही हाताला लागला नाही. बांडी लागली, कारण ती मालनबाईच्या पायावर झोपली होती. तिथून उचलताना आसारामनं बायकोकडे बघायचं टाळलं. घोडेगावचा बाजार होता. माणसांची गर्दी, खाण्याच्या गाड्या. मांजर कुठंही जगेल, असा हिशेब करत तो जीपमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसला. पोतं सारखं हलत होतं.

बाजारात त्याला सगळे ओळखत होते.

"आसाराम, लई दिसांनी. पोत्यात काय आणलं, वासरू?"

"दात बघू द्या की."

"चार दाती हाय का सारे दात जुळलेत?"

तो हसला नाही. बैलांच्या रांगांच्या कडेला, बन्सीच्या चहाच्या पालामागं त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. बांडी बाहेर पडली आणि थेट बैलांच्या पायांत घुसली. खुरं, शेपट्या, खुंटे, दोरखंडं. एका खोंडानं लाथ झाडली.  सोडून द्यायलाच आलो होतो, हे आसारामला आठवलं, तरी तो गुडघ्यांवर बसून हाका मारायला लागला. "बांडे. ये, बांडे." चुचकारून झालं, टाळी वाजवून झाली. ज्याच्या एका हुंकारावर बुजलेला बैल थांबायचा, तो साऱ्या बाजारासमोर मांजराला विनवीत होता. लोक जमले. मांजर येईना, आणि ते टेम्पोखाली जाऊन दिसेनासंही झालं.

तेवढ्यात पालात बन्सीनं साखर ढवळलेला चमचा स्टीलच्या पेल्यावर झटकला. टिक, टिक, टिक.

बांडी टेम्पोखालून निघाली. बैलांच्या पायांतून, जमलेल्या माणसांच्या पायांतून, उजवीकडे नाही, डावीकडे नाही, सरळ बन्सीपुढं आली आणि पुढचे पाय जुळवून बसली.

बन्सीनं गंमत म्हणून पुन्हा वाजवलं. बांडी आणखी जवळ सरकली.

"आयला, आसाराम," बन्सी म्हणाला, "लई शिकिवलेलं मांजर हाय हे. आन्‌ सोडून का देतो रं?"

आसाराम बाकावर बसला. बन्सीनं चहा पुढं केला, तो त्यानं घेतला आणि तसाच धरून ठेवला. टिक टिक टिक. हा आवाज त्याच्या घरातला होता. मालनबाई पडली तेव्हा शुभांगीनंच तिच्या उशाशी वाटी-चमचा ठेवला होता. "आत्याबाई, काय लागलं तर वाजवा." वाटी रोज वाजायची. त्याला पारावरही ऐकू यायची. शुभांगी बघेल, असं म्हणून तो बसून राहायचा. कधी थोडा वेळ वाजायची, कधी बराच. मग थांबायची. थांबली की त्याला वाटायचं, कुणीतरी गेलं.

कुणीतरी गेलं होतंच. ते समोर पाय जुळवून बसलं होतं. आणि स्टील वाजलं की जायचं, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. मग ते वाटीचं असो की कॅनचं.

पोतं हलत परत घरी आलं, तेव्हा शुभांगी ओट्यावर कॅन घासत होती. तिनं पोत्याकडे पाहिलं.

"आणलं परत."

"शुभांगे, तू आत्याला वाटी दिलीवती ना?"

"दिली की. का?"

"ती वाजली की कोन जातं?"

तिचा हात थांबला. "तुमी असता ना घरी."

"मला वाटायचं, तू जातीस."

"माझे हात कधी शेनात, कधी धारेत. मला वाटायचं, तुमी..." तिनं कॅन पालथा घातला, पदराला हात पुसले, उगाच परत पुसले. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बांडीला. पण धार काढल्यापासून डेअरीवर जाईस्तवर दुधापाशी तुमी बसायचं. आता केस निघाला तर मांजराला बोलनार न्हाई मी. तुमाला बोलंन."

आसारामनं आत जाऊन पोतं उघडलं. बांडी अंग झाडून मालनबाईच्या पायावर चढली. मालनबाईचा डावा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला, फिरत राहिला.

"मालन," तो खाटेच्या कडेला टेकत म्हणाला, "ती वाटी वाजवू नको बघ. ह्या मांजराला वाटतं, जिथं भांडं वाजलं तिथं बोलावनं हाय."

मालनबाईनं त्याच्याकडे बघितलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"मंग... काय... वाजवू?"

 त्यानं वाटी उचलून नीट तिच्या हाताला लागेल अशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धार झाली. शुभांगी सायकल पुसत होती. आसाराम कॅनशेजारी मांडी घालून, जुना आसूड आडवा धरून बसला. आत वाटी वाजली. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, उंबरा ओलांडला. बांडी त्याच्या आधी पोचली होती.

"काय पायजे?"

मालनबाईनं हातानं दाखवलं. कूस बदलायची होती. आसारामनं आसूड भिंतीला टेकवला. बुजऱ्या बैलाची मान कुठं धरायची हे तो झोपेतही सांगू शकला असता. ह्या बाईचा खांदा कुठून धरायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. एकदा काखेत हात घातला, ती कण्हली. काढला. मग कमरेखाली घातला.

तेवढ्यात बाहेर ओट्यावर झाकण पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. सोनईचा बोका. शुभांगीचा आवाज आला, "मामा."

मालनबाई त्याच्या हातांवर अर्धी वळलेली होती. सोडली असती तर पडली असती. "आलो, आलो," आसाराम म्हणाला आणि जागचा हलला नाही. मालनबाईचं तोंड एका बाजूनं वर गेलं. ती हसत होती की तिला दुखत होतं, त्याला काही कळेना.